घरातच जागा झालेला रस

“पण त्याला वेळेआधी जागं केलं कोणी, महाराज?”

डॉक्टर यशोधन कारखानीस मठाच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. स्वादुपिंडाच्या विकारांत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आणि नेमकं त्यांचंच स्वादुपिंड सुजलं. पोटातली कळ थेट पाठीतून बाहेर पडत होती. रुग्णालयात त्यांच्या खाटेशेजारी भेटायला येणाऱ्यांसाठी एक स्टूल होतं. त्यावर शेवटपर्यंत कोणी बसलं नाही.

समोर म्हातारे विमलनाथ पत्रावळी पुसत होते.

“कोणाला जागं केलं?”

“ट्रिप्सिनला. पाचकरसातलं द्रव्य आहे ते. अंडं, डाळ, मांस, सगळं फोडून काढतं. स्वादुपिंड त्याला निजलेलंच घडवतं आणि निजलेलंच आतड्यात धाडतं. तिथे गेल्यावर ते जागं होतं, तिथे त्याच्यासाठी अन्न असतं. माझ्यात ते घरातच जागं झालं.”

“मग?”

“मग काय... घरच खायला लागलं.”

नाथांनी पत्रावळ खाली ठेवली.

“दारू?”

“थेंबही नाही.”

“पित्ताचे खडे?”

“नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्या. दुसऱ्यांची कारणं मी चुटकीसरशी सांगत आलो, माझं मात्र सापडत नाही. आणि कारण सापडलं नाही, तर दुखणं उलटेल.”

मरणाचं आपल्याला काही वाटत नाही, असं ते सगळ्यांना ठासून सांगत. खरी भीती निराळीच होती. त्या रिकाम्या घरात पुन्हा एकट्याने कळवळायचं, या विचारानेच त्यांच्या अंगावर काटा येई.

“घरी कोण असतं?”

“मुलगी होती. ऋजुता. तिचं चुकलं की मी दाखवायचो. खोटं कधी बोललो नाही मी तिला...”

“बरं.”

“घर सोडून गेली ती. तिच्यामागून विद्यार्थीही यायचे थांबले.”

बाहेर चिंचेखाली एक कुत्रं झोपलं होतं. बाकी सारा मठ ओस. सेवेकऱ्याने दोन पानांवर मऊ भात आणि वरणाचं पाणी वाढलं, आणि भांडी घेऊन तो ओढ्याकडे निघून गेला.

दुखण्यानंतर डॉक्टरांना आज पहिल्यांदा सपाटून भूक लागली होती. त्यांनी घास उचलला.

“जरा थांबा,” नाथ म्हणाले. “इथला नेम आहे. आपल्या पानातला घास आपल्या तोंडात घालायचा नाही. तो दुसऱ्याला भरवायचा. आपल्याला कोणी भरवलं, तर आपण जेवायचं.”

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ओसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. समोर आपल्या पानावर नाथ बसले होते. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. हात मांडीवर ठेवून ते स्वस्थ बसून राहिले.

भात निवत गेला...

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांचं साठलेलं, त्यांनाच ठाऊक.

“नेम चांगला आहे, महाराज. पण मी भरवू कोणाला? इथे तर कोणीच नाही.”

नाथांनी आपल्या पानावरच्या निवलेल्या भाताकडे पाहिलं.

“त्या रसालाही असंच वाटलं असेल.”