मेलांथेचा गुन्हा

ग्रीकांच्या मुलुखात क्लेआंद्रोस नावाचा एक राजा होता. त्यानं एका डोंगरी गावाला वेढा घातला. गावातले पुरुष आधीच्या लढाईतच कामी आले होते, तरीही तटावरून बाणांचा असा मारा झाला, की एक बाण थेट राजाच्या खांद्यात रुतला आणि तो घोड्यावरून खाली पडला. शुद्धीवर आल्यावर त्यानं सैन्याला सांगितलं, "ताडासारखा उंच योद्धा होता. बाईमाणसाला धनुष्य ओढता येत नाही."

शेवटी गाव पडलं. कैद्यांची शिरस्त्राणं उतरवली, तेव्हा सारं सैन्य बघतच राहिलं. सगळ्या बायका होत्या. राजाचा चेहरा पांढराफटक पडला.

"यांची डोकी उडवा," तो म्हणाला.

त्या बायकांची म्होरकी मेलांथे पुढे आली. "जरूर उडवा. पण तुमच्या रिवाजाप्रमाणे आधी सैन्यासमोर आमचा गुन्हा पुकारा. बाईला धनुष्य ओढता येत नसेल, तर आम्ही गुन्हा केलेलाच नाही. येत असेल, तर महाराजांना घोड्यावरून कुणी पाडलं, तेही सांगा."

सेनापती जमिनीकडे बघू लागला. अखेर राजाच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "या निरपराध आहेत. सोडा यांना."

बेड्या निघाल्यावर त्यानं मेलांथेला जवळ बोलावून हळूच विचारलं, "खरं सांग, तो बाण तुझाच ना?"

"नाही महाराज, माझ्या आईचा. हल्ली तिला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून खांद्यावर निभावलं."