मास्तरांच्या वाटणीचा कप

"...म्हणजे कोरा चहा हृदयाला चांगला, हे तरी खरं ना माई?"

नरहरी मास्तरांनी पुन्हा विचारलं. टेकडीवरच्या मठातल्या म्हाताऱ्या माई चुलीत फुंकर घालत होत्या.

"म्हणतात तसं."

"मग मलाच का लागू पडत नाही? दूध सोडलं, साखर सोडली. तरतरी येते, मन शांत राहतं, असं पेपरात छापून येतं. आणि माझ्या छातीवर कालपासून धोंडा! डॉक्टर म्हणतात, काही नाही."

"कोणाबरोबर पिता?"

"कोणाबरोबर कशाला? दार लावून पितो. नाहीतर गावभरचे येऊन टेकतात."

माई हसल्या.

"काल काय झालं, मास्तर?"

मास्तरांनी मान फिरवली. सगळ्या आळीला ठाऊक होतं म्हणा. शेजारच्या दत्तू लोहोकऱ्यांची बायको काल गेली. दत्तू म्हणजे मास्तरांचा लंगोटीयार. पण मधल्या भिंतीवरून बिनसलं आणि एकमेकांचं तोंड बघणं बंद झालं.

"स्मशानात गेलो होतो," मास्तर पुटपुटले. "लांबच उभा राहिलो."

"त्यांच्याकडे आज चूल पेटणार नाही."

"...हो."

मयताच्या घरी शेजाऱ्यांनी कोरा चहा न्यायचा, ही आळीची रीतच.

"कोणी नेला?"

"नेला असेल कोणीतरी. पहिलं दार माझंच, पण..."

माईंनी चहा गाळला, किटली भरली, फडक्यात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिली.

"अहो माई, मी औषध विचारायला आलोय!"

"तेच देतेय. गार व्हायच्या आत पोचा."

दिवस कलला तेव्हा मास्तर टेकडी चढून आले. किटली रिकामी. डोळे सुजलेले.

"दार उघडलं त्यांनी?"

"उघडंच होतं. दत्तू एवढंच म्हणाला, 'आलास होय रे नऱ्या...' मग मी आपला कप भरत राहिलो. पाहुण्यारावळ्यांत सगळ्यांना पुरला."

"आणि तुम्ही घेतलात?"

मास्तरांनी किटलीत डोकावून पाहिलं.

"मी... राहिलंच की! आज सकाळपासून घोटभरसुद्धा नाही."

माईंनी किटली विसळून उपडी घातली.

"मग आज गुण येईल."