शेजारणीची वाटी आणि कल्हईवाला

एका गावात पाणवठ्यावर एक बातमी आली, पण आली ती अर्धीच.

"कल्हईवाला म्हणे गाव सोडून चालला," एक बाई दुसरीला सांगत होती. "आणि जायच्या आधी घरातली सगळी भांडी म्हणे…"

तेवढ्यात कल्हईवाल्याची शेजारीण घागर घेऊन आली आणि दोघी गप्प झाल्या. ही शेजारीण म्हणजे अशी बाई, की कोणाच्या घरात काय शिजतंय ते तिला फोडणीच्या वासावरून कळायचं. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली बातमी आपल्याआधी पाणवठ्याला कळावी, हे तिला काही सोसलं नाही.

"भांडी म्हणे काय?" तिने विचारलं.

"आम्हीपण एवढंच ऐकलं हो. तुम्ही शेजारी, तुम्हालाच ठाऊक."

शेजारणीने घागर भरली, घरी ठेवली आणि पदराला हात पुसत ती सरळ कल्हईवाल्याकडे निघाली.

आता हा कल्हईवाला मूळचा कामाचा माणूस. पितळेच्या भांड्याची आतली कल्हई गेली की त्यात आंबट कळकतं आणि खाणाऱ्याच्या पोटात ढवळतं. हा खांद्यावर भाता टाकून गावोगाव फिरायचा, भांडं तापवून आतून कथलाचा हात द्यायचा आणि भांडं चांदीसारखं करून परत करायचा. पण मागच्या थंडीत त्याची बायको तापाने गेली, आणि भाता जो कोपऱ्यात पडला तो पडलाच.

गावाने त्याला एकटं टाकलं नव्हतं बरं का. सुतकात शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं, हा रिवाजच होता. सुतक संपलं तरी जेवण येतच राहिलं. आणि दुःखी माणसाला भाजी-भाकरी कशी पाठवायची? म्हणून कोणी शिरा पाठवी, कोणी पुऱ्या, कोणी पुरणपोळी. सोनाराच्या घरून तर बेसनाचे लाडू. त्याच्याकडे रोजच सण.

गावात आणखी एक रिवाज होता. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन मिरच्या, पण काहीतरी घालूनच द्यायची. कल्हईवाल्याला मात्र सगळ्यांनी यातून सूट दिली. "राहू द्या हो भाऊजी, तुम्ही कुठून घालणार?" असं म्हणायचे. त्याला रिकामं भांडं परत न्यायची लाज वाटे. त्यामुळे गावभरची भांडी त्याच्या फडताळात साचत गेली.

सकाळचा शिरा तो संध्याकाळी गार खायचा. छातीत जळजळ व्हायची, झोप लागायची नाही, दारात पोरं खेळली तरी अंगावर धावून जायचा. शेवटी वैद्यबुवांकडे गेला. त्यांनी नाडी पाहिली.

"नाडी बरी आहे. जेवता काय?"

"लोक देतात ते."

"कधी?"

"आठवलं की."

"कोणाबरोबर?"

यावर त्याने नाडीवरचा हात काढून घेतला. वैद्यबुवांनी पाचक चूर्ण दिलं. म्हणाले, "घ्या. पण चूर्ण जेवणावर चालतं. तुमचं जेवण होत नाही, नुसतं खाणं होतं." त्याने चूर्ण घेतलं, तेही लाडवावर.

तर शेजारीण त्याच्या घरात शिरली, तेव्हा फडताळातली सगळी भांडी जमिनीवर काढून तो मधोमध बसला होता.

"भाऊजी, गाव सोडताय?"

"कोणी सांगितलं?"

"पाणवठ्याने."

"उद्या बाजाराच्या गाडीने जातो. नदीपलीकडच्या मठात आयतं जेवण मिळतं. इथेही आयतंच खातोय, पण तिथे निदान कोणी कीव तरी करणार नाही. वहिनी, एवढं करा. ही भांडी ज्याची त्याला पोचवा. मी काही आता परत येत नाही."

'द्या, पोचवते' हे शब्द शेजारणीच्या ओठावर आलेच होते. दयाळू माणूस तेच म्हणाला असता. पण ढिगात तिला स्वतःची वाटी दिसली, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझी वाटी मी अशी रिकामी घेणार नाही."

"वहिनी, माझ्या घरात घालायला आहे काय?"

"ते तुम्ही बघा. माझ्या सासूने कधी रिकामी वाटी घेतली नाही, मी का घ्यावी?"

घरी येऊन तिलाच वाईट वाटलं. दुखावलेल्या माणसाला आपण हे काय बोलून बसलो, असं म्हणत ती भिंतीला कान लावून बसली.

पलीकडे कल्हईवाल्याला राग आला होता. जायच्या वेळी एका वाटीचं बोलणं कशाला मागे ठेवायचं, म्हणून त्याने डबे उपसले. सगळीकडे मुंग्या. मडक्याच्या तळाशी मूठभर ज्वारीच्या कण्या निघाल्या, लसणाची एक वाळकी गाठ निघाली. परसात गेला तर बायकोने लावलेल्या अंबाडीचं बी पडून आपोआप नवी रोपं उगवली होती. त्याने कोवळा पाला खुडला. चूल धुराशिवाय काही देईना, पण शेवटी पेटली. कण्या घालून भाजी शिजली, वर लसणाची फोडणी बसली.

ती वाटीत घालायला गेला आणि हात थांबला. वाटीच्या तळाला पिवळं पितळ दिसत होतं. यात अंबाडी घातली तर कळकणार. दुसऱ्या कोणी घातली असती. कल्हईवाल्याच्या हाताने घालवेना.

मग कोपऱ्यातून भाता ओढला. निखारे फुलवले, वाटी तापवली, नवसागराचा धूर घरभर झाला, आणि कापसाच्या बोळ्याने त्याने कथील फिरवलं. वाटी निवेपर्यंत त्याला भूक लागली. आठवलं म्हणून नव्हे, खरी भूक. परसाच्या पायरीवर बसून त्याने गरम भाजी खाल्ली. कपाळाला घाम आला, आणि तिथेच डोळा लागला.

संध्याकाळी तो वाटी घेऊन शेजारणीच्या दारात आला. तिने बोट लावून चाखलं.

"मीठ कमी आहे, भाऊजी."

"तिच्या हातचं नाही ना ते."

"तिचंही कमीच असायचं. मी कधी बोलले नाही."

कल्हईवाला हसला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने तसंच राहू दिलं. शेजारणीने त्याला आत बोलावलं, भाकरी वाढली आणि ती भाजी घरातल्या सगळ्यांनी त्याच्याबरोबर बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच्याशिवाय गेली. बाकीच्या भांड्यांनाही कल्हई करायची राहिली होती. ती एकेक करून, कधी पालेभाजी तर कधी नुसता कढीपत्ता घालून, ज्याच्या त्याच्या घरी गेली. शेजारणीने गल्लीत सांगून टाकलं, की आता ताट पाठवू नका, हाक मारून पंगतीला बसवा. सोनारीण रागावली.

"माझे लाडू काय वाईट होते?"

"लाडू छानच होते हो. रोज होते, एवढंच."

कल्हईवाल्याचं दुःख काही गेलं नाही. दिवेलागणीला तो अजून दाराकडे बघत बसायचा. पण झोप लागू लागली, पोरं भात्याजवळ येऊन बसू लागली, जळजळ तर कुठल्या कुठे गेली.

आणि दसरा झाल्यावर एके सकाळी, पाणवठ्यावर ऐकलं होतं तसं, त्याने खरंच गाव सोडलं. खांद्यावर भाता, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी. भांडीही त्याने सगळी वाटून टाकली होतीच.

"कुठे निघालात?" शेजारणीने विचारलं. तिला विचारल्याशिवाय कसं राहवेल?

"पलीकडच्या गावांना कल्हई करायला. पौर्णिमेला येतो. तोवर परसाला पाणी घाला, वहिनी."

तात्पर्य काय, तर दुःखी माणसाला रोज गोडधोड पोचवून त्याचे हात रिकामे ठेवू नयेत. साधं, ऋतूतलं अन्न त्याला स्वतः रांधू द्यावं, त्यातलं थोडं आपणही मागून घ्यावं, आणि जेवताना त्याच्या शेजारी बसावं.