दोन ओल्या पाकळ्या

"...म्हणजे कौल खोटाच असतो, असं कॅमेऱ्यासमोर म्हणाल का तुम्ही?"

आबा गुरव समईची वात पुढे ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"की खरा असतो म्हणाल? मला दोन्ही चालेल."

विचारणारा ऋत्विज दाभोळे, एका वाहिनीचा बातमीदार. हुशार मुलगा, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

एकोणीस दिवसांपूर्वी गावातली एक होडी बुडाली होती. दोघे किनाऱ्याला लागले. तिसरा, नागेश कुबल, लागला नाही. मग वाहिनीने एका अंतर्ज्ञानी बाईंना स्टुडिओत बसवलं. बाईंनी डोळे मिटले. "पाणी दिसतंय... खडक दिसतोय... तो जिवंत आहे." हे दिवसभर दाखवलं गेलं.

नागेशच्या आईने, द्वारकाबाईंनी, ते पाहिलं. दिवसकार्य ठरवायला आलेल्या भटजींना त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

आता कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागासाठी ऋत्विजने त्यांना गाडीत घालून देवळात आणलं होतं. त्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या.

"पाणी आणि खडक," आबा म्हणाले. "आमच्या किनाऱ्यार दुसरा काय असा?"

"तेच तर! मी स्वतः यातलं काही मानत नाही, आबा. ती बाई भोंदू आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मगे दाखवलंस कित्याक?"

"आम्ही फक्त दाखवतो. मानायचं की नाही, ते लोकांनी ठरवायचं."

आबांनी आता मान वर केली.

"मी पण फक्त पाकळीच लावी होतंय."

कौल म्हणजे एवढंच. देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आबांनी चाळीस वर्षं कौल लावले आणि एके दिवशी सोडून दिलं. का सोडलं, ते गावात कोणालाच माहीत नव्हतं.

"जी कमी भिजयलली, ती आदी सुटता," आबा म्हणाले.

ऋत्विजचे डोळे चमकले. "हेच बोला! थांबा, मी कॅमेरा सुरू करतो."

"एक येसू होती. घोव दर्यात गेलो तिचो. तो येतलो काय, कौल लाव म्हणान हयसरच रडत बसली... माझो हात उजव्या पाकळीर हलको पडलो."

"मग?"

"बावीस वर्सा त्याचो डबो घेवन जेटीर जाय. गेल्या पावसात गेली. मरताना माका विचारल्यान, 'कौल खरो होतो मां?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"...होय म्हटलंय."

आबांचा आवाज कापला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

ऋत्विजचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला. आबांनी तबकातून दोन पाकळ्या उचलून त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"कॅमेरो रवांदे बाजूक. आज तू लाव."

"मी? मला कुठे येतंय..."

"नुसता दाखवूक कोणाकय येता."

ऋत्विज हसला. तेवढ्यात द्वारकाबाई उंबरठ्याशी आल्या. त्यांनी देवापुढे पदर पसरला.

"देवा... माझो नागेश असा मां?"

त्याचं हसू मावळलं. उजवी पाकळी कमी भिजवली, तर ही बाई उद्यापासून डबा घेऊन जेटीवर जाणार. डावी कमी भिजवली, तर तिचा मुलगा आत्ता, इथे, ऋत्विजच्या बोटांनी मरणार.

त्याने दोन्ही पाकळ्या तांब्यात पार बुडवल्या आणि पाषाणाला चिकटवल्या.

पाकळ्या पडेनात.

दुपार कलली. समईतलं तेल खाली गेलं. द्वारकाबाईंनी पसरलेला पदर आवरला नव्हता.

"बाबू," त्या म्हणाल्या, "तू शिकलेलो. तुका कळता. काय म्हणता देव?"

ऋत्विजने पाषाणावरच्या पाकळ्यांकडे पाहिलं. तो आबांकडे वळला.

"आबा... तुम्ही सांगा ना त्यांना."

आबांनी तांब्या उचलला आणि पालथा घातला.

"सांग तिका. तू तर मानणस नाय मां?"