उशिराला पुरावा

माळावर पशुपक्ष्यांचं कोर्ट भरायचं, तेव्हाची गोष्ट. लावी पक्षिणीच्या घरट्याभोवतीचं गवत कोर्टानं रानडुकराला देऊन टाकलं. अपिलाची मुदत पौर्णिमेपर्यंत होती. डुक्कर उद्या उकरायला येणार म्हटल्यावर लावी अमावास्येला कोर्टात धावली. न्यायाधीश कासव स्वतः दुपारी उगवलं.

"उशीर का, बाई?"

"अंडी उबवत होते, सरकार. उठले असते तर गार पडली असती."

डुक्कर गुरगुरलं, "मग आज कोण बसलंय अंड्यांवर? नवरा?"

"आज... कुणीच नाही."

"म्हणजे उठता येत होतं," कासव म्हणालं. "गार पडली असती याला पुरावा काय?"

उशीर माफ झाला नाही. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं लावीला वाटेभर वाटत राहिलं.

घरट्यात अंडी गार पडली होती. पुरावा आता तिच्यापाशी होता.