अठरा हुंकार

त्या रानात गाणं गाणाऱ्याचं नसे. ज्याच्या नावे हुंकार पडले, त्याचं असे.

रीत फार जुनी होती. कुणाला आपलं गाणं दुसऱ्याच्या हवाली करायचं असलं, की दोघे वठलेल्या सागाच्या खोडावर समोरासमोर बसत आणि मध्ये पोपट बसे. पोपट एकेक अट म्हणून दाखवी. देणाऱ्याने प्रत्येक अटीनंतर ‘हूं’ म्हणायचं, एवढंच. हुंकार एकदा पडला की परत गिळता येत नाही, असं सगळं रान मानत असे. अट कळली नाही तर गप्प राहायची मुभा होती. मग पोपटाला तीच अट पुन्हा सावकाश म्हणावी लागे. पण असं गप्प राहिलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मोठं कुणी समोर बसलेलं असताना हुंकार न देणं म्हणजे उद्धटपणा, हे त्या रानात अंड्यातच शिकवलं जाई.

त्याच रानात एक नाचण राहत होती. मूठभर जीव, आणि शेपटीचा पंखा सारखा उघडमीट. पान पडलं तरी ती दचकायची. आपलीच सावली पुढे आली तरी फांदी बदलायची. आदल्या साली तिच्या घरट्यावर धामण चढली आणि तीन अंडी एकामागून एक गिळून, काही घडलंच नाही अशी उतरून गेली. नाचण रिकाम्या घरट्याच्या काठावर सात दिवस बसून राहिली. त्या सात दिवसांत तिला एक गाणं सुचलं. पायरी पायरीने वर चढत जाणारं, आणि शेवटच्या पायरीआधी एक लांब थांबा. जणू त्या जागी कुणी असायला हवं होतं आणि ते नव्हतं.

नाचणींच्या कुळात आई जन्मात एकच गाणं रचते. पिल्लांच्या अंगावर पिसं धरायच्या आत ते त्यांच्यापर्यंत पोहोचावं लागतं. ज्याला मिळालं नाही, त्याचा गळा पुढे उघडत नाही. ते आयुष्यभर नुसतं ‘चक, चक’ करत फिरतं. आता या नाचणीकडे गाणं होतं आणि ते द्यायला पिल्लं नव्हती. म्हणून ती ते रोज थोडं थोडं गाऊन जपून ठेवत असे.

एका सकाळी ते भृंगराजाने ऐकलं.

भृंगराज म्हणजे काळाभोर, तुळतुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकांना पिसांचे गोंडे. त्याला स्वतःचं असं गाणं नव्हतं. पण दुसऱ्याचं कुठलंही गाणं एकदा ऐकलं की तो ते मूळ गाणाऱ्यापेक्षा ठाशीव गाई. त्याचे भाचे सात डोंगरांवर पसरले होते, आणि त्याच्या झाडाकडे धामणच काय, शिक्राही वाकडी मान करून बघत नसे.

“पोरी, छान गातेस,” तो म्हणाला. “पण ऐकतं कोण? दोन खारी आणि तो बहिरा होला. माझे भाचे हेच गाणं सात डोंगरांवर नेतील. ऐकणारा किडा देतो. दर वीस किड्यांमागे एक तुझा.”

“मला सात डोंगर नकोत,” नाचण म्हणाली आणि आपण असं बोललो कसं, म्हणून स्वतःच दचकली. “म्हणजे तसं नाही, भृंगराजदादा. मला फक्त अंडी घालायचीत. धामण येणार नाही अशा जागी.”

“मग माझ्या झाडावर घाल की. कड्यासमोरची वरची फांदी देतो. कोण चढतंय तिथं, मीही बघतो.”

दुसऱ्या दिवशी ती वठलेल्या सागावर बसली होती.

पोपटाने घसा साफ केला आणि अटी सुरू केल्या. पहिल्या दोन तिला नीट कळल्या. तिसरीत एक शब्द निसटला, तरी तिने ‘हूं’ म्हटलं. तो शब्द काय होता याचा ती विचार करत होती तेवढ्यात चौथी संपली, आणि पोपट व भृंगराज दोघेही तिच्याकडे बघत होते. ती घाईने ‘हूं’ म्हणाली. पाचवीपासून तिने अट संपायच्या आधीच हुंकार द्यायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याला सगळं समजतंय असं दिसेल, कुणाला थांबावं लागणार नाही.

“हे गाणं, त्याचा ठेका, त्याचा थांबा आणि त्याचा पडसाद.”

“हूं.”

“आज आहेत त्या रानांत आणि उद्या उगवतील त्या रानांतही. आज आहेत त्या चोचींतून आणि उद्या फुटतील त्या चोचींतूनही.”

“हूं.”

“दिलेल्या फांदीवर बसून पुढे जे सुचेल, तेही.”

इथे ती अडखळली. पण भृंगराजाने मान जराशी तिरकी केली, शेपटीची एक तार वाऱ्यावर हलली, आणि तिच्या तोंडून आपसूक ‘हूं’ निघून गेलं. पोपटाने अठरा अटी म्हटल्या. अठरा हुंकार पडले. भृंगराजाने तिच्या फांदीवर सावरीच्या कापसाचा भलामोठा पुंजका पाठवून दिला. इतका मऊ कापूस तिच्या आईनेही पाहिला नव्हता.

फांदी खरोखरच चांगली होती. नाचणीने तीन अंडी घातली आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा, पान पडलं तरी ती दचकली नाही. रोज सकाळी समोरच्या कड्यावरून भाच्यांचा आवाज येई. तिचंच गाणं, तिच्यापेक्षा स्वच्छ. तिला बरं वाटे. आपण गायलो तर ते पलीकडच्या झाडापर्यंत जातं, आणि हे बघा कुठवर गेलं.

एका दुपारी शेजारची साळुंकी आली. साळूमावशीच्या पोटात बातमी टिकत नसे.

“अगं, काल ओढ्यावर तुझं गाणं होतं.”

“ओढ्यावर? कशाला?”

“धामणीनं कात टाकली ना. केवढा थाट, काय सांगू. बेडूक म्हणू नकोस, सरडे म्हणू नकोस, सगळे भीतीनं का होईना हजर. भृंगराजाचे दोन भाचे गात होते. तो तुझा शेवटचा थांबा आला ना, तिथं धामण डोळे मिटून डोलली बघ. म्हणाली, काय बाई गोड आहे.” एवढं बोलून साळुंकीने नाचणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. “मला मेलीला कळतच नाही कुठं काय बोलावं. तू काही मनाला लावून घेऊ नकोस.”

नाचण त्या दिवशी अंड्यांवरून उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र साळुंकीला अंड्यांवर बसवून ती पोपटाकडे गेली. ओढ्याचं विचारायचं असं ठरवून गेली होती, पण ते शब्द काही बाहेर येईनात. तेव्हा तिने किड्यांचं विचारलं.

“विसातला एक आहे ना तुझा. आहेच,” पोपट आपुलकीने म्हणाला. “पण आधी फांदीचं भाडं फिटायचं. मग कापूस. मग राखणीला बसलेल्या भाच्यांचा चारा. ते फिटलं की तुझा किडा सुरू.”

“कधी फिटेल?”

“फांदीवर राहतेस तोवर भाडं चढतच राहणार ना, बाई. तुझं तूच बघ.”

तीनही अंडी सुखरूप फुटली. उघडीनागडी, डोळे मिटलेली, नुसत्या चोचीच चोची. नाचणीने त्यांना पहिला चारा भरवला, काठावर नीट बसली, शेपटी उघडली आणि गाऊ लागली. ती दुसऱ्या पायरीवर होती तेव्हा भृंगराजाचा एक भाचा शेजारच्या डहाळीवर येऊन टेकला.

“घरट्यात कोण कोण आहे?”

“मी आणि माझी तीन पिल्लं.”

“म्हणजे ऐकणारे तीन,” भाचा म्हणाला. तो उर्मट नव्हता, उलट थोडा अवघडलाच होता. “तुम्हाला परवाना लागेल, नाचणताई. एका वेळच्या गाण्याला वीस किडे.”

“अरे, पण हे माझं गाणं आहे.”

“तुम्हीच केलंय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही गाताना तुमचं नाव घेतो की.”

पिल्लांना दिवसाला चाळीस किडे लागत होते. ते पुरवतानाच तिचे पंख गळून येत. तिने दोन दिवस विचार केला. फांदी सोडली तरी गाणं परत येणार नव्हतं, खाली मात्र धामण होती. जन्मात दुसरं सुचत नाही, आणि सुचलं असतं तरी ते याच फांदीवरचं, म्हणजे भृंगराजाचंच. आणि पिल्लांच्या पाठीवर निळसर ठिपके दिसू लागले होते. पिसं धरायला फार तर सहा दिवस. तिसऱ्या दिवशी ती भृंगराजापुढे जाऊन उभी राहिली.

“मी कुठं अडवतोय, पोरी?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच माया होती. “अडवतोय तो तुझाच हुंकार. तो मी तरी कसा गिळू? पण हे बघ, पिल्लांच्या कानावर पडावं एवढंच ना? भाचे रोज सकाळी कड्यावरून गातात. ऐकू देत त्यांना. तुझ्या पोरांकडून मी एक किडा घेणार नाही.”

“फार उपकार झाले, दादा,” नाचण म्हणाली. सवयच होती तिला.

पण नाचणींची पिल्लं नुसती कानाने शिकत नाहीत. ती आईच्या गळ्याकडे बघून शिकतात. समोर गळा हलला नाही तर त्यांना गाणं म्हणजे वारा. दुसऱ्या सकाळी कड्यावरून सूर आले आणि पिल्लं चाऱ्यासाठी चोची उघडून नुसती कलकलत राहिली, तेव्हा नाचणीच्या हे लक्षात आलं.

मग ती काठावर बसली. शेपटी उघडली. कड्यावर भाच्याने सूर लावला तशी तिने चोच उघडली आणि आवाज आतच ठेवून गळा हलवू लागली. पहिल्या दिवशी ती मागे पडत होती. दुसऱ्या दिवशी जमलं. भाच्याने शेवटचा थांबा आखूड केला होता, इतका वेळ गप्प बसलं की ऐकणारे उठून जातात म्हणून. तिला तो लांब धरायची सवय, पण पिल्लं गोंधळतील म्हणून तिनेही तो आखूड केला. पिल्लांचा गोंगाट थांबला. तिघं टक लावून तिच्या गळ्याकडे बघू लागली. राखणीचा भाचा आला, कान देऊन बसला, घरट्यातून सूर येत नाही अशी खात्री करून निघून गेला.

चौथ्या दिवशी मधल्या पिल्लाने मान लांब करून आपली चोच तिच्या गळ्याला लावली आणि तशीच ठेवली. नाचण शहारली, पण चोच मिटली नाही. गाणं संपेपर्यंत ते पिल्लू तिथेच होतं. मग मागे सरून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने घाईघाईने त्याला एक अळी भरवली.

सहाव्या दिवशी पिसं धरली. पंधराव्या दिवशी तिघं उडाली. एकही धामणीच्या तोंडी गेलं नाही.

वर्ष सरलं. कोवळी पानं आली, आणि संध्याकाळच्या उन्हात मधला मुलगा त्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला. आता तो जवान झाला होता, गळ्यावरचा पांढरा पट्टा चकाकत होता. साळुंकीने ओरडून ओरडून आळी गोळा केली. “या गं, या. नाचणीचा पोरगा पहिल्यांदा गातोय.” खारी आल्या. बहिरा होलासुद्धा आला. नाचण खालच्या फांदीवर पानाआड बसली. तिला वर बघवत नव्हतं.

त्याने पाय रोवले. शेपटीचा पंखा पुरता उघडला. मान उंचावली, चोच उघडली आणि गळा पायरी पायरीने हलवला, एकही पायरी न चुकता. खारींनी एकमेकींकडे पाहिलं. होला समाधानाने मान डोलवत राहिला.

ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

पोरगा थांबला. तो घाबरला नव्हता, फक्त जरा खोळंबल्यासारखा वाटला. चोच तशीच उघडी ठेवून त्याने मान कड्याकडे वळवली आणि तो वाट बघू लागला.