कोऱ्या हिऱ्यावरचं लोखंड

दोष देशिंगकर सरांचा होता. वय, पुरस्कार, पांढरे केस, काही मध्ये आणायचं नाही. त्यांचाच.

"हात धुतलेस का?"

"धुतले, सर."

"मग नुसत्या पाण्यात प्रथिन कुठून आलं? आकाशातून पडलं?"

शर्वरी डोईफोडे, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, यंत्राकडे बघत होती.

समोर हिरा. तांदळाच्या कणीएवढा. त्यात मुद्दाम खोट ठेवलेली: एक अणू परका, शेजारची जागा रिकामी. हिरवा प्रकाश टाकला की ती खोट तांबडी उजळते. लोह साठवणारं प्रथिन जवळ आलं की त्यातल्या लोहामुळं तो उजेड लवकर ढळतो, मंद होतो. सरांचं सगळं नाव एवढ्यावर उभं.

आज हिऱ्यावर नुसतं पाणी होतं, प्रथिन नव्हतंच. तरी उजेड ढळला.

"प्रथिन नसतानाही उजेड ढळतो, असं गेल्या वर्षी सुदर्शनही म्हणाला होता, सर."

"त्याचे हात घाण होते. सगळ्यांसमोर सांगितलं मी त्याला. गेला पीएच.डी. अर्धवट सोडून. तुलाही जायचंय?"

"नाही. एकदा तुम्हीच ठेवा ना हिरा."

सर हसले. म्हाताऱ्यांना करून दाखवायची हौस असतेच.

शर्वरीनं आम्लात उकळून धुतलेला हिरा प्लॅस्टिकच्या चिमट्यानं यंत्रात ठेवला. उजेड स्थिर.

मग सरांनी तोच हिरा आपल्या पोलादी चिमट्यानं उचलला, परत ठेवला. चिमटा त्यांच्या गुरूंनी दिलेला. इथं हिऱ्याला दुसरा चिमटा लावणं म्हणजे पाप. शर्वरीनं आज तेच केलं होतं.

उजेड ढळला.

सरांनी पुन्हा धुवायला लावला. पुन्हा उचलला.

ढळला.

शर्वरीनं खिशातून लोहचुंबक काढून चिमट्याच्या झिजलेल्या टोकाजवळ धरलं.

टक्. टोक चिकटलं.

"या टोकातून हिऱ्यावर लोखंड झडतंय, सर. इतकी वर्षं आपण प्रथिन नाही... हा चिमटाच मोजतोय."

सर स्टुलावर बसले, चिमट्याचं टोक उजेडाकडे धरून बघू लागले.

"सुदर्शननं हे का नाही करून दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ऐकाल असं वाटलं त्याला."

"आणि तुला?"

"मला नाही वाटलं. म्हणून चुंबक आणलं."

सरांनी मान हलवली. चिमटा हातातच होता...

"छापलेला पेपर मी मागे घेईन," ते म्हणाले. "सुदर्शन माझ्याशी बोलत नाही. त्याला तू सांग."